भाजीचा वाटा घरी येतो तेव्हा

शेतातून थेट घरी येणाऱ्या भाजीच्या वाट्याची पहिली पिशवी आली तो ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. आत भाजीच्या अळूची मोठी जुडी, चार दोडके, हातभर लांबीचं पडवळ, लाल माठ, पावशेर भेंडी, मूठभर मिरच्या आणि मातीनं माखलेला एक लाल भोपळा. टोमॅटो नाही, बटाटा नाही, फ्लॉवर नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "ही आठवड्याची भाजी आहे की गौरीच्या नैवेद्याची तयारी?" त्या आठवड्यात निम्मी भाजी वाया गेली. पडवळ तर पिवळं पडून शेवटी कुंडीत गेलं.

आता सहावं वर्ष चालू आहे. या काळात आमच्या गटात नवीन आलेल्या बऱ्याच जणांचे फोन घेतले, आणि प्रश्न दर वेळी तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

पद्धत साधी आहे. हंगामाच्या सुरुवातीला शेतकऱ्याला पैसे द्यायचे आणि पुढे दर आठवड्याला शेतात जे निघेल त्यातला आपला हिस्सा घ्यायचा. जपानमध्ये 1970 च्या दशकात शहरातल्या गृहिणींनी आणि शेतकऱ्यांनी मिळून असं जमवलं, त्याला तिथे 'तेइकेई' म्हणतात. अमेरिकेत 1986 साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर हे सुरू झालं. आमच्या पुण्यातल्या गटात याला नुसतं 'वाटा' म्हणतात. कोळीण मासळीचा वाटा लावते, पावसाळ्यात रस्त्याकडेला बायका शेवळांचा वाटा मांडून बसतात, तोच हा शब्द. फरक एवढाच की बाजारातला वाटा आपण बघून उचलतो. हा न बघताच घ्यायचा असतो.

पैसे भरण्याआधी

शेतावर एकदा जाऊन या. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन सहलीला जातो तसं नको, साध्या दिवशी सकाळी जा. पाणी विहिरीचं की कालव्याचं, उन्हाळ्यात पुरतं का, खत कुठून येतं, कीड पडली तर काय फवारतात, हे तिथे उभं राहून विचारलं की खरं उत्तर मिळतं. 'सेंद्रिय' हा शब्द सगळेच वापरतात. दशपर्णी अर्काचं, म्हणजे झाडपाल्यापासून घरीच केलेल्या कीडनाशकाचं, पिंप आणि शेणखताचा ढीग डोळ्यांनी दिसला तर अर्धं समाधान तिथेच होतं.

मग व्यवहाराचं बोला. पैसे किती महिन्यांचे आगाऊ? आमच्याकडे तीन महिन्यांचे घेतात. गावाला गेलात तर त्या आठवड्याचा वाटा पुढे ढकलता येतो का? नावडती भाजी बदलून मिळते का? आणि सर्वांत महत्त्वाचं: अतिवृष्टीत पीक गेलं तर काय? याचं खरं उत्तर "मग तुमचंही गेलं" असं असतं, आणि ते तोंडावर सांगणारा शेतकरी निवडावा. एका जुलैत सलग तीन आठवडे आमच्या पिशवीत दोडका, घोसाळी आणि अळू याखेरीज काही नव्हतं. पालेभाजी वाफ्यातच सडली होती. आमच्यातल्या दोघांनी पैसे परत मागितले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण त्यांनी हे आधी विचारलं असतं तर दोन्हीकडची कटकट वाचली असती.

घरात दोनच माणसं असतील तर अर्धा वाटा घ्या. चौघांच्या वाट्यात आम्हाला आठवड्याला पाच-सहा किलो भाजी येते. ती संपवायची तर रोज दोन वेळा स्वयंपाक हवा.

पिशवी आल्यावरचा पहिला तास

हा तास चुकला की आठवडा चुकला. पिशवी तशीच फ्रिजमध्ये कोंबायची नाही. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि सगळं ओता.

मुळा, बीट, गाजर, नवलकोल यांचा पाला आधी कापून वेगळा करा. पाला तसाच ठेवला तर तो कंदातलं पाणी ओढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी मुळा पिचपिचीत होतो. पाला टाकायचा नाही, ती आजचीच भाजी आहे.

पालेभाज्या धुवायच्या नाहीत. निवडायच्या, पिवळी पानं काढायची, ओल असेल तर पंख्याखाली अर्धा तास पसरायच्या आणि जुन्या सुती धोतराच्या किंवा ओढणीच्या तुकड्यात सैल गुंडाळून ठेवायच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली मेथी तिसऱ्या दिवशी काळी पडते. माझ्या सासूबाई कोथिंबिरीची मुळं कापत नाहीत, पेल्यात पाणी घालून फुलदाणीसारखी उभी करतात. आठवडाभर टिकते.

वांगी, टोमॅटो, काकडी यांना फ्रिजची फार थंडी मानवत नाही. दोन-तीन दिवसांत संपणार असतील तर बाहेरच असू द्या. कांदे-बटाटे बाहेर, पण एकमेकांपासून लांब, नाहीतर दोन्ही लवकर खराब होतात. न चिरलेला लाल भोपळा कपाटावर महिना-दोन महिने सहज राहतो, फक्त देठ तुटलेला नसावा.

भाजी धुवायची ती स्वयंपाकाच्या वेळी. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, चमचाभर मीठ टाका, पालेभाजी दहा मिनिटं बुडवा आणि हातानं वर उचलून चाळणीत काढा. पातेलं चाळणीवर उपडं केलं की तळाशी बसलेली सगळी रेती पुन्हा भाजीवर येते. अगदी साधी गोष्ट, पण 'शेतातली भाजी कचकच लागते' अशी तक्रार करणाऱ्या दहांतले नऊ जण हीच चूक करतात. पावसाळ्यात हे पाणी तीनदा बदलावं लागतं. पानांना भोकं असणारच. फ्लॉवर-कोबीत अळी निघाली तर ओरडू नका, कोमट मिठाच्या पाण्यात तुरे सोडले की ती आपणहून बाहेर येते.

खाण्याचा क्रम ठरलेला आहे. पहिले दोन दिवस पालेभाज्या, मग भेंडी-गवार-वांगी, मग वेलावरच्या फळभाज्या, शेवटी कंद आणि भोपळा. बेत आधी ठरवून भाजी शोधायची सवय मोडावी लागते. हे पहिल्या महिन्यात फार जड जातं.

कोणतीही पालेभाजी, तीन प्रकारे

नाव माहीत नसलेली पालेभाजी आली तरी तिला तीनपैकी एका प्रकारात बसवता येतं.

कोरडी: तेलात भरपूर लसूण आणि मिरची, त्यावर चिरलेली भाजी, झाकण न ठेवता मोठ्या आचेवर. मीठ शेवटी, कारण भाजी आळून मूठभर होते आणि आधी घातलेलं मीठ खारट लागतं. लाल माठ, तांदुळजा, राजगिरा, चवळीचा पाला अशीच करावी. लाल माठात हळद घालू नका, रंग जातो. वर ओलं खोबरं. जाड देठ सोलून वेगळे ठेवा, आमटीत शेवग्याच्या शेंगेसारखे चोखून खाता येतात.

पीठ पेरून: मेथी, कांद्याची पात, मुळ्याचा पाला. भाजी अर्धी शिजली की वरून डाळीचं पीठ भुरभुरवायचं, झाकण ठेवायचं, वाफ आली की हलवायचं. पीठ कच्चं राहू नये म्हणून बाजूनं चमचाभर तेल सोडायचं.

पातळ: चाकवत, पालक, अंबाडी, अळू. यातल्या चाकवतावर माझा जीव आहे, म्हणून ती नीट सांगते.

पाव वाटी हरभऱ्याची डाळ आणि मूठभर शेंगदाणे दोन तास भिजवा. चाकवताची जुडी निवडून, धुऊन, मोठी चिरा. डाळ-दाणे आणि भाजी कुकरला वेगवेगळ्या भांड्यांत लावा. भाजीचं पाणी भाजीतच राहू द्या. भाजी रवीनं किंवा पळीच्या पाठीनं घोटा. मिक्सर नको, चिकट होते. दोन वाट्या आंबट ताकात दोन चमचे डाळीचं पीठ गुठळी न राहता कालवा, ते घोटलेल्या भाजीत मिसळा, मीठ आणि चिमूट साखर घाला, मग मध्यम आचेवर ठेवून सतत ढवळत राहा. इथे फोन घ्यायला गेलात तर ताक फुटेल. एक उकळी आली, पिठाचा कच्चा वास गेला की डाळ-दाणे घाला. शेवटी कढल्यात तेल तापवून मोहरी, हिंग, हळद, सुक्या लाल मिरच्या आणि ठेचलेल्या दहा-बारा लसूण पाकळ्या तांबूस करून वरून ओता. चुरचुर आवाज आला पाहिजे. सोबत ज्वारीची भाकरी.

अंबाडी खूप आंबट असते, तेव्हा शिजवून पहिलं पाणी काढून टाका, तांदळाच्या कण्या घालून घोटा आणि लसणीची फोडणी सढळ हातानं द्या.

पावसाळ्याची पिशवी

ही सर्वांत अवघड, आणि नवखे इथेच गळतात. वेलभाज्यांचा महापूर येतो. दोडका आला की शिरा आधी काढून ठेवा. त्या तेलात कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं, लसूण, मिरची घालून कुटल्या की चटणी होते, आणि खरं सांगायचं तर दोडक्यापेक्षा तीच जास्त आवडीनं खाल्ली जाते. दोडक्याची भाजी मूगडाळ घालून करा, पडवळाची भिजवलेली हरभऱ्याची डाळ किंवा डाळिंब्या घालून. पडवळ कोवळं असतानाच करा, माझ्यासारखं ठेवून देऊ नका. घोसाळ्याची भजी करा आणि विषय संपवा.

एक नियम मात्र कडक पाळायचा. दुधी, दोडका, काकडी, पडवळ चिरताना बारीक तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर थुंकून द्या आणि ते फळ सरळ फेका. या कडूपणाच्या मुळाशी कुकुर्बिटासिन नावाचं द्रव्य असतं, शिजवून ते जात नाही, आणि उलट्या-पोटदुखीनं माणूस दवाखान्यात पोचतो. दुधीचा रस काढून पिणाऱ्यांनी तर चव घेतल्याशिवाय पेला तोंडाला लावू नये. कारल्याचा कडूपणा वेगळा, त्याची भीती नाही.

अळू दोन जातींचं येतं. हिरव्या देठाचं भाजीचं, काळपट देठाचं वडीचं. पानं-देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. म्हणून चिरण्याआधी हाताला तेल लावा, देठ सोलून घ्या, कुकरला चांगल्या शिट्ट्या काढा आणि चिंचेत कंजुषी करू नका. पहिल्या वर्षी मी चिंच कमी घातली. सासरे दोन घास खाऊन काही बोलले नाहीत, उठून ताकाचा पेला भरून प्यायले आणि मग म्हणाले, "फतफतं छान झालंय, जरा बोलकं आहे." फतफत्याची कृती चाकवतासारखीच, फक्त ताकाऐवजी चिंच-गूळ, आणि वरून मुळ्याच्या चकत्या, खोबऱ्याचे काप, काजू असतील तर काजू.

कधीकधी शेताच्या बांधावरच्या रानभाज्या पिशवीत येतात. करटोली वांग्यासारखी काचऱ्या करून परतायची. कोवळा टाकळा लसणीवर, कोकणातले लोक त्यात फणसाच्या आठळ्या घालतात. शेवळं मात्र माहितगाराकडून शिकल्याशिवाय करू नका. ती काकडं नावाच्या आंबट फळांसोबत शिजवतात, नाहीतर घसा धरतो. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव जिल्ह्याजिल्ह्यांत भरतात. तिथे विकणाऱ्या बायकांना विचारा, त्या निवडण्यापासून सगळं सांगतात.

अशा मिश्र पिशवीचं काय करायचं हे आपल्या पंचांगात आधीच लिहिलेलं आहे, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातल्या, वेलावरच्या भाज्यांची ऋषीची भाजी होते: अळू, लाल माठाचे देठ, भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे. मसाला नाही, हिरवी मिरची, चिंच आणि खोबरं एवढंच. आमच्या पहिल्या पिशवीत जवळजवळ सगळा ऐवज होता, आणि मी तिच्याकडे बघून कपाळाला हात लावला होता. आता पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा ही भाजी होते, सण असो नसो. कठीण भाज्या खाली, कोवळ्या वर, पाणी जेमतेम, मंद आच. ढवळायची नाही, पातेलं कापडानं धरून हलवायचं.

हिवाळा

दिवाळीनंतर पिशवी एकदम जड होते आणि शेतकऱ्याबद्दल मनात प्रेम दाटून येतं. मेथी, चाकवत, पालक, मुळा, गाजर, मटार, पावटा, वांगी. इथे शिकवण्यासारखं फार नाही, माहीत असलेलंच करा. मटार एकदम जास्त आले तर सोलून, मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून, लगेच गार पाण्यात काढून फ्रीजरला ठेवा.

वांग्यांबद्दल एकच. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं न खाणाऱ्या घरांत आषाढातली कांदेनवमी ही कांदा संपवायची, आणि मार्गशीर्षातली चंपाषष्ठी म्हणजे खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगं पुन्हा सुरू करायची. तोपर्यंत थंडीतली वांगी भरात आलेली असतात. भरताला मोठं, हलकं वांगं निवडा, जड वांग्यात बिया असतात. ओव्हनमध्ये केलेलं भरीत मी खाते, पण त्याला भरीत म्हणत नाही. खानदेशात तुरकाट्यांच्या किंवा कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजतात. शहरात निदान गॅसच्या ज्योतीवर तरी साल काळी होऊन तडकेपर्यंत भाजा, आणि भाजण्याआधी सुरीनं दोन टोचे मारा, नाहीतर फुटून ओटाभर होतं.

हरभऱ्याचा कोवळा पाला आला तर तो धुऊ नये असं गावाकडे म्हणतात, कारण पानांवरची आंब, म्हणजे तो आंबट दव, धुऊन जातो. फवारणी नाही याची खात्री असेल तरच हे ऐका.

जानेवारीच्या पिशवीचं उत्तर भोगीची भाजी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असं म्हणून लहानपणी आम्हाला ती वाढली जायची. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची ही भाजी: गाजर, वांगी, पावटा, सोलाणे, मटार, ओले शेंगदाणे, दोन-चार बोरं. तेलात मोहरी, हिंग, हळद. आधी दाणे-शेंगा, त्या मऊ झाल्यावर गाजर, शेवटी वांगं. गोडा मसाला, चिंच, गूळ आणि भाजलेल्या तिळाचं कूट चांगलं अर्धी वाटी. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. बोरं टाकायला विसरू नका आणि बिया आहेत हे पाहुण्यांना सांगायला तर मुळीच विसरू नका.

उन्हाळा

पिशवी हलकी होते. गवार, भेंडी, काकडी, दुधी, शेवग्याच्या शेंगा, कैऱ्या, घोळ, तांदुळजा. पाणी कमी पडलं की पालेभाजी आधी बंद होते. घोळीची पानं मांसल आणि आंबटसर, तुरीच्या डाळीत छान लागतात. गवारीला ओवा आणि दाण्याचं कूट घाला, तिचा उग्रपणा जातो.

बुधवारी उरलेलं

गुरुवारी नवीन पिशवी यायची असते आणि बुधवारी फ्रिजमध्ये अर्धा नवलकोल, दोन गाजरं, सुकलेली कोथिंबीर आणि कोमेजलेली मेथी असते. बुधवारी आमच्याकडे थालीपीठ ठरलेलं. सगळं किसून किंवा बारीक चिरून, मीठ लावून पाच मिनिटं ठेवा, सुटलेल्या पाण्यातच भाजणी मावेल तेवढी घाला, वेगळं पाणी लागत नाही. मधे भोक पाडायचं, तेल सोडायचं, झाकण ठेवायचं. भाजणी संपली असेल तर ज्वारी आणि डाळीचं पीठ मिसळून भागतं.

भोपळा उरलेलाच असतो. तो किसून गुळात शिजवा, कणीक आणि थोडा रवा मिसळा, घारगे करा. ते डब्यात चार दिवस टिकतात, म्हणून प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी करावेत. आणि प्रवासाला निघताना गटावर वेळेत कळवा की या गुरुवारची तुमची पिशवी शेजारच्यांना द्यायची आहे. शेजाऱ्यांनाही आधी सांगा की आत पडवळ असू शकतं.